बेबीनंदाच्या उंचीचा दोरा

केदारखेड्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पुष्पाबाई शिकायला जपानला चालल्या, ही बातमी गावात आली तेव्हा निम्म्या लोकांना ती बदली वाटली. कचरूच्या किराणा दुकानासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तर सहज विचारलं, "मंग शनवारी घरी येता येईल का न्हाई तिला?" कुणी हसलं नाही. बदली भोकरदनला होवो की मंठ्याला, बाईमाणसाचं घर मागं राहतं ते राहतंच, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

पुष्पा त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा धर्मराज विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून जागच्या जागी गेला होता. मुलगी बेबीनंदा तेव्हा दोन वर्षांची, आता चार. घरात सासू चांगुणाबाई, धाकटा दीर संपत आणि त्याची बायको उषा. शेती संपत बघायचा, पुष्पा शाळेत जायची. धर्मराजचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर झाली, तेव्हा गावानं नावं ठेवली होती. घरात बसून तिला काहीच सुचत नव्हतं म्हणून ती गेली होती.

जपानचं असं झालं. नोकरीतल्या शिक्षकांना दीड वर्षासाठी तिकडच्या विद्यापीठात बोलावणारी एक शिष्यवृत्ती असते, असं परिपत्रक आसपासच्या शाळांच्या बैठकीत कुणीतरी गंमत म्हणून वाचून दाखवलं. सगळे हसले. पुष्पानं पत्ता उतरवून घेतला. अर्ज केला, मुंबईला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, दिल्लीला मुलाखत दिली, आणि हे सगळं घरात फक्त चांगुणाबाईला माहीत होतं. निवडीचं पत्र आलं तेव्हा संपत भडकला.

"लेकराला बाप न्हाई, आन् आता मायबी चालली. लोक काय म्हणतील, वहिनी?"

चांगुणाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लोकायचं लोक बघतील. लेकरू माझ्यापाशी ऱ्हाईल. तू तुझं रान बघ."

संपतनं पुन्हा तोंड उघडलं, तशी तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "धर्मा गेला तव्हा ही बाई घरात बसून वेडी झाली असती. शाळेनं राखली तिला. आता शाळाच बलावती तं मी कोण अडवणारी?"

निघायच्या तीन-चार दिवस आधी पहाटे किल्लारीकडं भूकंप झाला. केदारखेड्यात नुसती मांडणीवरची भांडी वाजली, पण दिवसभर रेडिओवर मेलेल्यांचे आकडे वाढत गेले. संपत म्हणाला, हा अपशकुन आहे. चांगुणाबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. निघायच्या दिवशी ती सकाळीच बेबीनंदाला घेऊन शेतात निघून गेली, लेकरानं आई जाताना बघू नये म्हणून. पुष्पा भोकरदनहून आलेल्या जालन्याच्या गाडीत बसली तेव्हा तिला निरोप द्यायला फक्त उषा होती.

तोत्तोरी नावाचं समुद्राकाठचं लहान शहर तिच्या वाट्याला आलं. ऑक्टोबरात हवा जालन्याच्या थंडीसारखी होती. डिसेंबरात बर्फ सुरू झाला, ओला, जड, कौलांवरून धपकन घसरणारा. पुष्पा साडीवर स्वेटर घालायची आणि पायात पुरुषांचे रबरी बूट, कारण बायकांच्या मापात सगळे नाजूकच मिळत. नऊवारी नेसणाऱ्या सासूनं ते पुरुषी बूट पाहिले असते तर काय म्हणाली असती! सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी पुस्तकं, आणि संध्याकाळ पडायच्या आत बाजार.

हा बाजारच तिला पहिले दोन महिने जड गेला. वर्गात चुकलं तर पुन्हा विचारता येतं. दुकानात विचारणार कुणाला? सगळ्या वस्तू पारदर्शक पिशव्यांमध्ये, व्यवस्थित, ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर चित्रासारखी अक्षरं. पहिल्याच आठवड्यात तिनं मीठ म्हणून साखर आणली आणि घरून नेलेल्या तुरीच्या डाळीत दोन चमचे टाकली. कणीक म्हणून आणलेलं पीठ हाताला चिकटून बसलं, पोळी काही होईना. मागाहून कळलं, ते भजी तळायचं पीठ होतं आणि त्यात अंडं होतं. चांगुणाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कधी मांस-मासा शिजलेला नव्हता. पुष्पानं ते पीठ कचऱ्यात टाकलं, तवा दोनदा घासला आणि रडली. मग वहीत मोठ्या अक्षरात तीन चित्राक्षरं काढून ती पाठ केली. मांस, मासा, अंडं. जपानी भाषेतली तिची पहिली खरी शिकवणी ही.

पण तीन अक्षरांनी भागत नव्हतं. भाजीत मासा दिसत नसला तरी माशाचं पाणी असायचं. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी एका कागदावर लिहून दिलं, "मी मांस, मासे आणि माशाचं पाणी खात नाही. यात ते आहे का?" हा कागद दाखवला की दुकानातल्या मुली घाईघाईनं पाकिटं उलटून बारीक अक्षरं वाचायच्या, एकमेकींत कुजबुजायच्या आणि बहुतेक वेळा वाकून माफी मागायच्या. माफी कशाची, हे पुष्पाला कळायचं नाही. कागद घडीवर फाटला, तिनं चिकटपट्टी लावली. भेंड्या आठच्या आठ मोजून जाळीत बांधलेल्या. हिरव्या मिरच्या दिसायला गावच्यासारख्या, चावल्या तर गवत. तिखट लागायची ती वाळकी लाल मिरची एका मसाल्यांच्या कप्प्यात चिमूटभर पाकिटात मिळते, हा शोध लागला त्या दिवशी तिनं चार पाकिटं घेतली आणि खोलीवर येऊन ठेचा केला. तिच्या मजल्यावरच्या विद्यार्थिनी खोकत बाहेर पळाल्या.

वसंत ऋतूत एक वेगळीच गोष्ट झाली. आदल्या उन्हाळ्यात थंडी पडून जपानचं भाताचं पीक बुडालं होतं. दुकानांतून तिकडचा चिकट तांदूळ नाहीसा झाला आणि त्या जागी परदेशातून आणलेला लांब दाण्याचा तांदूळ आला. लोकांना तो आवडेना. मोकळा शिजतो, वास येतो, काड्यांनी उचलता येत नाही, अशा तक्रारी. पुष्पाला मात्र सहा महिन्यांनी भातासारखा भात मिळाला. वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंनी वैतागून सांगितलं, की घरात या तांदळाची गोणी पडून आहे. तेव्हा पुष्पानं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन भरपूर पाण्यात तो शिजवून, वेळून, वर मोहरीची फोडणी दिली. चार शेजारणी बघायला आल्या, त्यांनी वहीत लिहून घेतलं. इतके दिवस ती सगळ्यांकडून शिकत होती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडून शिकलं, आणि ती पुन्हा शाळेतली बाई झाली.

बेबीनंदाची आठवण मात्र कपड्यांच्या दुकानात यायची. स्टेशनजवळ छत घातलेली जुनी बाजारगल्ली होती. तिथं लहान मुलांच्या कपड्यांचं एक दुकान होतं. हिराई नावाच्या साठीच्या बाई ते एकट्याच चालवायच्या. नावापुढं सान लावायचं, जसं आपल्याकडं बाई म्हणतात, म्हणून त्या हिराई-सान. पहिल्यांदा पुष्पा गेली ती काचेतला लाल स्वेटर बघून. हिराई-साननी विचारलं, "उंची किती?"

तिकडं मुलांचे कपडे वयावर नसतात, उंचीवर असतात. नव्वद, शंभर, एकशेदहा सेंटिमीटर. पुष्पाला बेबीनंदाचं वय माहीत होतं, जन्मवेळ माहीत होती. उंची माहीत नव्हती. तिनं आपल्या कमरेजवळ हात धरून दाखवला आणि मग तो हात थोडा वर नेला, थोडा खाली आणला. नक्की कुठं ठेवायचा, हे तिला ठरवता येईना. ती काही न घेता परत आली आणि तिनं घरी पत्र लिहिलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. पत्रं संपत लिहायचा, पण बोल चांगुणाबाईचे असायचे, ती सांगेल तसे. "चिरंजीव पुष्पाबाईस, तू विचारलं लेकराची उंची किती. मला आकडे येत न्हाईत. संपत टेप आणतो म्हणून आठ दिस झाले, आणून राह्यला. म्हणून पोरीला भिताडाला उभी करून दोरा लावला आहे. वरच्या बाजूला दोन गाठी, ते डोकं. खाली एक गाठ, ते पाय. पोरगी हालत होती, एक चापट दिली. तू वाळली असशील, दूध पीत जाय. जपानी लोकायच्या नादी लागून डोक्यावरला पदर टाकू नको." पाकिटात गोधडी शिवायच्या पांढऱ्या जाड दोऱ्याची घडी होती.

पुष्पानं तो दोरा खोलीत दाराच्या चौकटीला लावून बघितला. मग तो घेऊन बाजारगल्लीत गेली. हिराई-साननी काउंटरवरची लाकडी पट्टी काढली, दोरा दोन्ही हातांनी सरळ केला, गाठींपाशी बोट ठेवलं. "अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "पण शंभरचं घेऊ नका, एकशेदहाचं घ्या. पार्सल बोटीनं पोचायला दोन-तीन महिने जातील. पोर काही तोवर थांबायची नाही."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी दोरा यायचा आणि पुष्पा तो घेऊन दुकानात जायची. नव्व्याण्णव. एकशे एक. सप्टेंबरात आला तो एकशे तीन. हिराई-सान प्रत्येक वेळी लाकडी पट्टी काढायच्या, आकडा पेन्सिलीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहायच्या. कधी त्या चहा द्यायच्या. त्यांना मूल नव्हतं. शहरात एकोणीसशे त्रेचाळीस साली मोठा भूकंप झाला होता, असं त्यांनी एकदा सन आठवत आठवत सांगितलं. त्या तेव्हा शाळेत होत्या, आणि त्यांची आई घरात.

डिसेंबरात आलेलं पाकीट हाताला टोचलं. आत दोरा नव्हता, सुतळी होती, खताच्या पोत्याला असते तसली. वर एक गाठ, खाली एक गाठ. पत्र संपतच्याच अक्षरातलं. "पत्रास कारण की, देवदयेने सर्व खुशाल. बेबीनंदा शाळेत जाऊ लागली. आईची तब्येत बरी आहे. काळजी नसावी, अभ्यासात लक्ष द्यावे." पुष्पानं ते तीनदा वाचलं. त्यात कुणी तिला रागावलं नव्हतं. दूध प्यायला सांगितलं नव्हतं, पदराचं काही नव्हतं. आधीचं ऑक्टोबरचं पत्र काढून तिनं बघितलं, तेही असंच सरळ, कागदी. तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुकानात हिराई-साननी सुतळी सरळ केली. "एकशे पाच," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आज मापणारं माणूस वेगळं आहे."

"दोरा संपला असेल," पुष्पा म्हणाली.

तिनं त्याच दिवशी पत्र टाकलं, आत्याबाईची तब्येत कशी आहे ते खरं लिहा म्हणून. सासूला ती आत्याबाई म्हणायची. उत्तर यायला महिना लागणार होता. गावात फोन एकच, कचरूच्या दुकानात, आणि चांगुणाबाई फोनवर कधी आली नव्हती. "त्या नळीत तोंड घालून काय बोलू," म्हणायची. त्यामुळं फोन करूनही ती येणार नाही, हे पुष्पाला माहीत होतं. ती वाट बघत राहिली.

सतरा जानेवारीला पहाटे जमीन हलली. तोत्तोरीत कपाटावरच्या वस्तू पडल्या, वसतिगृहातल्या सगळ्या बाहेर आल्या, एवढंच. पण उजाडल्यावर टीव्हीवर कोबे शहर दिसलं. आडवा पडलेला रस्ता, जळणारी घरं. पुष्पाच्या मनात आलं, हे आता रेडिओवर सांगतील, आणि गावाला कोबे आणि तोत्तोरी यांतला फरक काय कळणार. ती बर्फातून स्टेशनजवळच्या परदेशी फोनच्या खोक्यापाशी गेली. पहिल्या दिवशी लाइन लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लागली.

"बाई जित्या हायती!" कचरू ओरडला. तिकडं गलका झाला. तो म्हणाला, "अर्ध्या घंट्यानं करा, संपतला बलावतो."

अर्ध्या तासानं संपत होता. त्याचा आवाज कापरा होता. "वहिनी, बरोबर हायसा ना? बिलकुल काही लागलं न्हाई?"

"मी ठीक आहे, भाऊजी. आत्याबाईला आणा फोनवर."

"ती कुठं बोलती फोनवर."

"आज बोलू द्या. रेडिओवर ऐकून घाबरली असेल. माझ्या तोंडून ऐकू द्या तिला."

पलीकडून खरखर तेवढी येत होती. पुष्पा पुन्हा म्हणाली, "भाऊजी, ती कुठंय?" तेवढ्यात फोनच्या अगदी जवळून एक बारीक आवाज आला. संपतच्या कडेवर किंवा पायाशी बेबीनंदा असावी.

"आजी तं मेली," ती म्हणाली. ऊन पडलं, पाऊस आला, असं सांगावं तशी.

मग संपत रडायला लागला. सप्टेंबराच्या शेवटी बाजरी काढायला गेल्ती, तो सांगत होता, दुपारी भाकर खाऊन लिंबाखाली टेकली ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही सगळं टाकून आल्या असता. आईनं मला रोज बजावलं व्हतं, तुमचं शिक्षण मोडायचं न्हाई म्हणून. मंग मी काय करू, वहिनी, मला काय सुचलं न्हाई. फोनच्या कार्डावरचे उरलेले आकडे कमी कमी होत गेले आणि फोन बंद पडला.

खोक्यातून बाहेर आल्यावर ती कुठं जायचं ते न ठरवता चालायला लागली आणि बाजारगल्लीत पोचली. हिराई-सान दारात बर्फ झाडत होत्या. पुष्पाला जपानीत "सासू" हा शब्द येत होता आणि "मेली" हाही येत होता, पण दोन्ही एका वाक्यात आणताना व्याकरण सुटलं. हिराई-साननी झाडू भिंतीला टेकवला, तिला आत नेलं, दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. दोघी स्टोव्हपाशी बसल्या.

"मला पण नंतर सांगितलं होतं," हिराई-सान म्हणाल्या. "भूकंपानंतर मामीनं मला आपल्या गावी नेलं. आई दवाखान्यात आहे म्हणायची. वीस दिवस. मी रोज विचारायचे, आज बरी झाली का. मामीला वाटायचं, पोर आज तरी नीट जेवू दे."

"तुम्ही माफ केलं मामीला?"

हिराई-साननी थोडा विचार केला. "तिनं माझ्याशिवाय एकटीनं वीस दिवस ते पोटात ठेवलं. माझं एवढं वय झाल्यावर मला तेच जास्त आठवतं."

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काय करतात. पुष्पा म्हणाली, दिवस तर सगळे होऊन गेले, चार महिने झाले. पण गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही तरी करून ठेवतात. आत्याबाईला शेंगदाण्याचा लाडू आवडायचा, गुळाचा. गूळ इथं कुठला. हिराई-सान उठल्या, कोट घातला. त्या तिला घेऊन गल्लीतल्या तीन दुकानांत गेल्या. शेंगदाणे पहिल्या दुकानात मिळाले. तिसऱ्या दुकानात, जिथं फक्त दक्षिणेकडच्या बेटांचा माल असायचा, काळ्या साखरेचे ओबडधोबड खडे होते. पुष्पानं एक तोंडात टाकला. गूळच तो, थोडा खारट. चार महिन्यांचं रडू तिथं दुकानात, अनोळखी माणसांसमोर, तिला आवरलं नाही. दुकानदार मान खाली घालून उभा राहिला आणि हिराई-सान तिची पिशवी धरून.

प्राध्यापक म्हणाले, जायचं असेल तर जा, आम्ही कागद करतो. दोन महिने उरले होते. पुष्पानं दोन दिवस विचार केला आणि राहिली. चांगुणाबाईच्या शब्दासाठी राहिले, असं तिनं संपतला कळवलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण एकटी असताना तिला दुसरंही दिसायचं. त्या घरात चांगुणाबाई नसताना पाय ठेवायची तिला भीती वाटत होती.

मार्चअखेर ती परतली. जालन्याहून भोकरदनच्या गाडीनं केदारखेड्याला उतरली तेव्हा उन्हं डोक्यावर होती. संपत थांब्यावर उभा होता. तो वाकून पाया पडला. त्यांच्या घरात दीर-भावजयीत तशी रीत नव्हती, पण तो पडला.

"वहिनी, मी तुमच्याशी लबाडी केली."

पुष्पा म्हणाली, "बरं केलं म्हणवत न्हाई, भाऊजी. वाईट केलं असंबी म्हणवत न्हाई. सुतळी कुणी लावली लेकराला?"

"उषानं धरली, मी लावली."



बेबीनंदा उषाच्या मागं दडून बघत होती. अंगात जपानचा निळा फ्रॉक, गुडघ्याच्या वर गेलेला. उषानं पुढं ढकललं, तशी तिनं उषाचाच पदर तोंडात धरला आणि म्हणाली, "आई, ह्या कोण?" उषाचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणायला लागली, अक्का, मी न्हाई शिकवलं, देवाशपथ, गल्लीतली लेकरं आपापल्या मायला म्हणतात तसं तीबी... पुष्पानं तिचा हात धरून तिला गप्प केलं.

जूनमध्ये पुष्पा पुन्हा त्याच शाळेत रुजू झाली आणि बेबीनंदा तिच्याच वर्गात आली. वर्गात सगळी मुलं बाई म्हणत, तीही बाई म्हणायची. घरी आली तरी बाईच. "बाई, तुम्ही जेवून घ्या, आई बोलावती." पुष्पानं तिला दुरुस्त केलं नाही. पोरीच्या तोंडात आई हा शब्द उषासाठी बसला होता. तो हिसकून घ्यायचा तर आधी दोघींचं रक्त निघालं असतं.

तिकडच्या शाळांत मुलं स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात, मोऱ्या धुतात, हे तिनं पाहिलं होतं. तिनं आपल्या वर्गात पाळ्या लावल्या. पाटलाच्या घरच्या पोराच्या हातात झाडू दिला तेव्हा त्याचा आजा शाळेत आला. "आमच्या पोरांनी हे काम करायचं?" पुष्पानं बेबीनंदाच्या हातातला झाडू दाखवला. "माझीबी करती," ती म्हणाली. म्हातारा बडबडत गेला, पण पोराला त्यानं शाळेतून काढलं नाही. दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या गावचे शिक्षक ते बघायला येऊ लागले. सरकारी खात्यानं मात्र तिच्या जपानच्या शिक्षणाची नोंद सेवापुस्तकात करायलाच चार वर्षं घेतली.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला तिची मंठ्याला बदली झाली. ती खोली करून राहिली आणि बेबीनंदाला तिनं विचारलं, चलतीस का. नऊ वर्षांची पोर म्हणाली, "न्हाई बाई, मी इथंच ऱ्हाते." पुष्पा शनिवारी येत राहिली. कधी लवकर आली की उषा चुलीपुढून उठून जायची, दोघींना एकत्र बसता यावं म्हणून, आणि बेबीनंदा तिच्यामागं उठून जायची. अशी कित्येक वर्षं गेली.

दहावीनंतर बेबीनंदाला कॉलेजला घालायचं ठरलं. गावात सोय नव्हती. उषानंच तिची पिशवी भरली आणि तिला मंठ्याला आणून सोडलं. जाताना तिनं पुष्पाला सगळं सांगितलं. हिला वांगं चालत न्हाई, हिचं डोकं दुखलं तर तेल गरम करून लावा, ही झोपेत दात खाती. पुष्पानं मान हलवत ऐकलं. आपल्या पोरीबद्दल दुसऱ्या बाईकडून ऐकून घेताना तिला लाज वाटली नाही. उलट वाटलं, की कुणीतरी सगळं नीट सांभाळून ठेवलं होतं.

पावसाळा संपत आला होता. एका रविवारी सकाळी दोघी खोलीसमोरच्या ओट्यावर घेवडा निवडत बसल्या होत्या. मग बेबीनंदानं विचारलं.

"तू कामून गेल्तीस?"

पुष्पाला वाटलं, सांगावं की तुझ्यासाठी, पगारासाठी, तुझं चांगलं व्हावं म्हणून. गावाला ती इतकी वर्षं तेच सांगत आली होती.

"मला जायचं व्हतं," ती म्हणाली. "दुसरं काही न्हाई. तुझा बाप गेल्यावर मला वाटायचं, मी बी आता संपली. मला बघायचं व्हतं, जगात आणखी काही हाय का. तुला सोडून जायचं दुःख मला हाय, आन् गेल्याचं न्हाई. दोन्ही खरं हाय."

बेबीनंदानं घेवड्याची एक शेंग मोडली, शीर ओढून काढली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, ते केस पुढं आल्यामुळं दिसेना.

"आईला हे कधी सांगितलं का तू?"

"उषाला? न्हाई."

"सांग एकदा तिला. तिला वाटतं, तिनं मला तुझ्यापासून तोडलं. मला सोडून परत जाताना बसस्टँडवर रडत व्हती."

"सांगते," पुष्पा म्हणाली.

ताटातला घेवडा संपला. बेबीनंदा ताट घेऊन आत गेली. पोरीनं आज बाई म्हटलं नाही, तू म्हटलं, हे पुष्पाच्या ध्यानात आलं ते ती उठून ओटा झाडायला लागल्यावर. ती तशीच थांबली, आणि मग झाडत राहिली.